खानापूरच्या गार हवेत, काहीही न घालता वाइन होईल का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून एका जोडप्याने विचारलंय. प्रश्न मोठा आहे, मतितार्थ असा. दोघांनी पुण्याची नोकरी सोडलीय, जांबोटी रस्त्याला वडिलोपार्जित दोन एकर आहे. परदेशात एका थंड समुद्रकिनाऱ्याजवळ नवरा-बायको मिळून थोडीशीच वाइन करतात, बाहेरचं यीस्ट नाही, गाळणं नाही, सल्फर (वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फर डायऑक्साइड) नावापुरतं, हे त्यांनी पाहिलं. आपलं खानापूरही थंड, समुद्रही घाट उतरला की आलाच, मग आपण का करू नये? तर जांबोटीला द्राक्ष लावावं का, यीस्ट आणि सल्फरशिवाय जमेल का, आणि पहिल्या वर्षी किती करावी?

मी अथणी तालुक्यातली. लग्नाआधी एका वायनरीच्या प्रयोगशाळेत होते. आता घरच्या बागेत वाइनची थोडी द्राक्षं आहेत आणि परवाना असलेल्या वायनरीत टाक्या भाड्याने घेऊन आम्ही दोघं थोडी वाइन काढतो. बाग आमचे हे बघतात, टाकी मी. त्यामुळे तुमचा उत्साह कुठून आला ते मला कळतं. पण यीस्ट घालायचं की नाही, सल्फर किती, हे प्रश्न पुढचे. आधी हे बघा की तुमचं द्राक्ष कुठल्या ऋतूकडे तोंड करून पिकणार आहे. बाकी सगळं त्यावर ठरतं.

उत्तर कॅलिफोर्नियातला सोनोमा किनारा घ्या. तिथे समुद्राचं पाणी साधारण १० ते १४ अंश असतं. वारा वरचं पाणी बाजूला लोटतो आणि खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावरून उठलेलं धुकं सकाळी मळ्यांवर बसतं, दुपारी विरतं, संध्याकाळी परत येतं. फोर्ट रॉस-सीव्ह्यू भागातले मळे तर धुक्याच्याही वर, सुमारे २८० मीटरच्या पुढे डोंगरावर आहेत. त्यांना ऊन मिळतं, पण हवा समुद्राची. तिथे मुख्यतः पिनो न्वार आणि शार्दोने या वाइनच्या जाती लावतात आणि तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात करतात. म्हणजे मण्यात साखर भरत असताना दिवस लहान होत चाललेले असतात आणि रात्री गार. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळतं. तिथे ते टिकतं. फळ सावकाश पिकतं, रसाचा पीएच खाली राहतो (म्हणजे आंबटपणा जास्त), आणि पीएच खाली असला की निम्मे जंतू आपोआप गप्प बसतात. अशा किनाऱ्यावरच्या जोडप्याला तळघरात फारसं काही करावं लागत नाही, कारण अर्धं काम समुद्राने आधीच केलेलं असतं.

आपला अरबी समुद्र, कारवारचा म्हणा की वेंगुर्ल्याचा, वर्षभर २६ ते ३० अंशांचा. त्यावरून घाटात येते ती दमट हवा. ती वेल थंड करत नाही, पानं ओली ठेवते. आणि आपली फळछाटणी (घड यावेत म्हणून करतात ती) ऑक्टोबरात, मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ पडून साखर भरू लागते, ते साधारण जानेवारीत, तोडणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. दिवस मोठे होत असतात, दुपार ३३-३५ अंशांवर जाते. त्यांचं द्राक्ष थंडीकडे पिकतं, आपलं उन्हाळ्याकडे. हा फरक कुठल्याही यीस्टने भरून निघत नाही.

आता जांबोटी. तुमच्याकडचा गारवा खरा आहे, पण तो मुख्यतः जून ते सप्टेंबरचा, ढगांखालचा. वेलीला तेव्हा ऊन हवं असतं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी यावी म्हणून करतात ती) साधारण चाळीस ते साठ-सत्तर दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या हंगामाचा घड तयार होतो. या सूक्ष्म घडनिर्मितीला भरपूर प्रकाश लागतो. तुमच्याकडे नेमकं तेव्हाच आभाळ भरून येतं. मग ऑक्टोबरात छाटणी केली की फूट जोमाने निघते, पण घडाच्या जागी बाळी, म्हणजे नुसता तणावा. वर दव, आणि केवडा, भुरी, करपा हे बुरशीचे रोग. पुढे कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, तिथल्या पावसाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार! तिथे द्राक्ष जगवायचं तर फवारणी इतकी करावी लागेल की ‘कमीत कमी हस्तक्षेप’ हे शब्द बाटलीवर लिहायला हात धजायचा नाही. जांबोटीला द्राक्ष लावू नका. काजू, आंबा जे काही आहे ते राहू द्या.

मग द्राक्ष आणायचं कुठून? पूर्वेकडून. अथणी, तेलसंग, पुढे विजयपूरकडे तिकोटा, राज्याची हद्द ओलांडली की जत. हा कोरडा पट्टा आहे. २००७ साली कर्नाटकाने द्राक्ष-प्रक्रिया आणि वाइनचं धोरण आणलं, त्यात हा कृष्णाकाठचा भाग वाइनसाठी धरला होता. पण इथली बहुतेक बाग बेदाण्याची. थॉमसन किंवा माणिक चमन स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. त्या फळावर जीए (मणी फुगवायचं जिबरेलिक आम्ल) मारलेलं असतं, फवारण्या खायच्या द्राक्षाच्या हिशोबाने झालेल्या असतात, आणि रसाला स्वतःचा गंध जवळपास नसतो. चेनिन ब्लाँ (पांढरी), शिराज, कॅबर्ने (लाल) या वाइनच्या जाती असलेला शेतकरी शोधा. असे कमी आहेत, पण आहेत. आणि त्याच्याकडे फेब्रुवारीत जाऊ नका, ऑगस्टात जा. छाटणीच्या आधी ठरलं नाही तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.

ठरवायचं काय, तर पहिली गोष्ट छाटणीची तारीख. सप्टेंबरच्या मध्यात छाटलं तर चेनिन जानेवारीच्या उत्तरार्धात तयार होते, रात्री अजून गार असतात, आम्ल टिकतं. हे ऐकायला छान. पण आमच्या भागात सर्वांत जास्त पाऊस बहुधा सप्टेंबरातच पडतो. कोवळी फूट त्यात सापडली की केवडा घडासकट घेऊन जातो. नोव्हेंबरपर्यंत थांबलं तर रोगाची भीती कमी, पण फळ मार्च-एप्रिलच्या उन्हात पिकतं आणि रस बोथट होतो. आम्ही चेनिन सप्टेंबर संपताना आणि शिराज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात छाटतो, तेही आभाळ बघून. तुमच्या शेतकऱ्याची जमीन निचऱ्याची आणि वाऱ्याची असेल तर तो आठवडाभर आधी धजेल. काळ्या भारी जमिनीत मी तसं सांगणार नाही.

दुसरी गोष्ट पोटॅश. साखर चढावी म्हणून आपल्याकडे शेवटच्या टप्प्यात शून्य-शून्य-पन्नास हे पोटॅशचं खत सोडायची सवय आहे. बेदाण्याला ते चालतं. वाइनमध्ये तेच पोटॅशियम टार्टारिक आम्लाला बांधून खाली बसवतं आणि पीएच वर नेतं. त्यात आपली बहुतेक बाग डॉगरिज खुंटावर (ज्या मुळाच्या वेलीवर कलम बांधतात तो खुंट), आणि डॉगरिज मुळातच पोटॅशियम जास्त ओढतो. ११०-आर खुंटावरची बाग मिळाली तर तीच घ्या. नाहीतर निदान देठ परीक्षणाशिवाय (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासल्याशिवाय) शेवटचा पोटॅश सोडू नका म्हणून विनंती करा. त्याचं वजन थोडं कमी भरेल, त्याचे पैसे जास्त द्या. आमच्या अनुभवात टाकीतल्या कुठल्याही उपायापेक्षा हा उपाय स्वस्त पडतो.

तिसरी गोष्ट भुरीसाठी मारायचं गंधक. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि पाण्यात मिसळणारं गंधक ही जुनी, समजलेली औषधं आहेत, मला त्यांचा राग नाही. पण तोडणीच्या आधी पाच-सहा आठवडे गंधक बंद हवं. राहिलेलं गंधक आंबवणीत यीस्टच्या तावडीत सापडतं आणि टाकीला सडक्या अंड्याचा वास येतो.

तोडणी कधी? यावर आमच्या घरात दर फेब्रुवारीत भांडण होतं. ह्यांना साखर हवी असते, मला आम्ल. चेनिन मी २० ते २१ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) उतरवते, पीएच ३.३ च्या आसपास असताना. एक ब्रिक्स म्हणजे ढोबळ मानाने ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल, तेव्हा वाइन साडेअकरा-बारा टक्क्यांची होते. २४ ब्रिक्सची जाडजूड वाइन काहीही न घालता टिकवणं आपल्या हवेत फार अवघड. साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर एकटा पुरत नाही. पीएच मीटर घ्या, तोही नीट कॅलिब्रेट करून वापरा.

आता सल्फर. परदेशातलं जोडपं ‘नावापुरतं’ घालतं आणि त्यांचं भागतं, याचं गणित असं. वाइनमधल्या मोकळ्या, म्हणजे कशाशी बांधल्या न गेलेल्या, सल्फर डायऑक्साइडचा फार थोडा भाग जंतूंवर काम करतो, आणि तो भाग पीएचवर ठरतो. पीएच ३.२ ला सुमारे ४ टक्के, ३.५ ला २ टक्के, ३.८ ला जेमतेम १ टक्का. म्हणून सारख्याच संरक्षणासाठी त्यांना लिटरमागे २० मिलिग्रॅम मोकळं सल्फर पुरतं, तर ३.८ ला पोचलेल्या आपल्या शिराजला ८० लागेल. आपण त्यांच्याएवढंच घातलं तर न घातल्यासारखंच. युरोपात साध्या लाल वाइनला एकूण १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. फ्रान्समध्ये २०२० पासून नैसर्गिक पद्धतीच्या वाइनसाठी जे बोधचिन्ह आहे, त्यातही ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. शिवाय यीस्ट स्वतःही थोडं सल्फर तयार करतं. तेव्हा शून्याचा हट्ट तिथेही सगळे धरत नाहीत.

मी काय करते ते सांगते. फळ स्वच्छ असेल तर चिरडताना काहीच घालत नाही. आंबवण पूर्ण झाली, शिराजमध्ये जंतूंनी मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लही केलं, की मग एकदाच घालते. लिटरमागे ४० मिलिग्रॅम धरलं तर १०० लिटरला ७ ग्रॅम केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), कारण केएमएसमध्ये सल्फर डायऑक्साइड साधारण ५७ टक्के असतं. चिमूट-चिमूट दर महिन्याला घालण्यापेक्षा एकदाच नीट घातलेलं शेवटी कमीच भरतं. आणि रसाचा पीएच ३.६ च्या वर आला तर आंबवणीआधी टार्टारिक आम्ल घालते. टार्टारिक हे द्राक्षाचंच आम्ल. शुद्धतावादी नाक मुरडतील. पण ते एकदा घातल्याने पुढे सल्फर निम्म्यावर येत असेल तर मला तो सौदा मान्य आहे. तुम्हाला नसेल, तर तुमच्यासाठी तोडणी आणखी अलीकडे आणणं एवढाच मार्ग उरतो.

घरच्या म्हणजे फळावरच्या यीस्टचं काय? जमतं. फक्त ‘आपोआप होईल’ म्हणून मोठी टाकी उघडी टाकू नका. मुख्य तोडणीच्या चार-पाच दिवस आधी त्याच बागेतून २०-२५ किलो निवडक घड आणा, दोन-तीन वेगवेगळ्या भांड्यांत चिरडून ठेवा. ज्याला स्वच्छ, फळाचा वास येईल आणि जे जोमाने फसफसेल तेच विरजण म्हणून मोठ्या टाकीत घाला, रसाच्या तीन ते पाच टक्के. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर ते भांडं सरळ ओतून द्या. सुरुवातीला फळावरच्या दुबळ्या जाती काम करतात. अल्कोहोल चार-पाच टक्क्यांवर गेलं की त्या मरतात आणि पुढचं ओझं सॅकरोमायसिस, म्हणजे वाइनचं मुख्य यीस्ट, उचलतं. ते तेवढ्यात वाढलेलं नसेल तर टाकी मध्येच अडकते. उरलेली साखर, चढा पीएच आणि फेब्रुवारीची दुपार एकत्र आली की व्हिनेगर व्हायला आठवडा लागत नाही. म्हणून फ्रिजमध्ये चांगल्या कोरड्या यीस्टचं एक पाकीट असू द्या. दोन दिवस ब्रिक्स हलला नाही तर ते वापरा, लाज बाळगू नका.

थंडावा हीच आपल्याकडची खरी गुंतवणूक आहे, ओकची पिंपं नव्हेत. घड पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, डोक्याला बॅटरी लावून तोडा, क्रेट गच्च भरू नका, आणि ऊन चढायच्या आत फळ आत घ्या. हे फळ खानापूरला नेऊ नका. अथणीकडून तो अख्ख्या सकाळचा रस्ता आहे, पोचेपर्यंत क्रेटच्या तळाशी आंबवण सुरू झालेली असेल. बागेजवळच जिथे परवाना आहे तिथे चिरडा. पांढरी वाइन १५ ते १८ अंशांत आंबवायची, लाल २५ ते २८ पर्यंत चालते. ३५ च्या पुढे यीस्ट कोलमडतं. त्यासाठी मोठं चिलिंग यंत्र परवडणार नाही. दूध संकलन केंद्रातला जुना बल्क कूलर बघा. स्टीलचा, धुवायला सोपा, आणि दूध ४ अंशांवर आणायला बनवलेला, म्हणजे रस त्यात रात्रभरात गार होतो. थ्री फेज रात्री कधी येते त्यावर वेळापत्रक बसवा आणि जनरेटर धरूनच खर्च काढा.

तुमचं खानापूर मात्र नंतर उपयोगी पडू शकतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४० ला टेकतो. जाड मातीच्या भिंतींचं जुनं घर असेल तर तिथे बाटल्या आमच्यापेक्षा सुखाने राहतील. पावसाळ्यात बुचांवर आणि लेबलांवर बुरशी धरेल, तेवढं सांभाळावं लागेल. पण साठवणुकीलाही परवानगी लागते, ती गृहीत धरू नका.

भांडी स्टीलची, ३०४ प्रतीची, किंवा खाद्यपदार्थांसाठीचे घट्ट झाकणाचे ड्रम. लोखंड, पितळ, तांबं नको. आंबवण संपल्यावर भांडं काठोकाठ भरलेलं हवं, म्हणून एक मोठी टाकी घेण्यापेक्षा लहान-मोठी तीन भांडी बरी. अर्धी रिकामी टाकी हा आपल्या हवेत सरळसरळ नासाडीचा मार्ग आहे.

दोघांनी काम वाटून घ्या, पण चव रोज दोघांनी घ्या. एकाच नाकाला वासाची सवय होऊन जाते. कमी सल्फरच्या वाइनमध्ये एक दोष येतो, उंदराच्या पिंजऱ्यासारखा. तो वासाला कळतच नाही, कारण वाइनच्या आम्लात तो दबलेला असतो. घोट गिळल्यावर लाळेने आम्ल उतरतं आणि मग तो मागून येतो. काही लोकांना तो अजिबात कळत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळतो ते आधी समजून घ्या, बाटली भरायची की नाही ते त्यानेच ठरवावं.

आणि एक गोष्ट अटीची. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. तो जड असतो, जमिनीलगत आणि टाकीच्या आत साठतो, त्याला वास नाही. आंबवणीच्या खोलीला खालच्या बाजूने वारा हवा, पंखा चालू हवा, आणि रिकाम्या वाटणाऱ्या टाकीत एकट्याने डोकं घालायचं नाही.

परवान्याचं थोडक्यात. विक्रीसाठी तर परवाना हवाच, पण ‘घरापुरती करतो’ म्हणूनही अबकारी कचेरीत विचारल्याशिवाय सुरू करू नका. पहिली दोन-तीन वर्षं स्वतःची वायनरी काढण्याच्या फंदात न पडता, परवाना असलेल्या ठिकाणी टाकी भाड्याने घेणं शहाणपणाचं. त्यांच्या अटी लेखी घ्या. तुमची टाकी दुसऱ्या कोणी ‘मदत’ म्हणून यीस्ट किंवा सल्फर घालून बिघडवणार नाही, हेही त्यात लिहा. आपण सीमाभागातले लोक कोल्हापूर-बेळगाव एकच समजून येतो-जातो, पण जतचं द्राक्ष इकडे आणणं वेगळं आणि इकडची बाटली कोगनोळी नाक्यापलीकडे नेणं वेगळं. दोन राज्यं, दोन अबकारी खाती. पाहुण्यांना भेट म्हणून पेटी नेतानाही आधी विचारा.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, किती करावी. एक टन. त्यातून ६०० ते ६५० लिटर निघेल, आठशेच्या आसपास बाटल्या. त्याहून कमी केलं तर तापमान भरकटतं आणि भांडी भरलेली राहत नाहीत. जास्त केलं तर दोन माणसांना पहाटेची तोडणी, चिरडणं आणि धुणं एका दिवसात उरकत नाही, आणि वायनरीतला निम्म्याहून जास्त वेळ धुण्यातच जातो. टनातले सातशे किलो चेनिन घ्या, तीनशे किलो शिराज. शिराजची पहिल्या वर्षी रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, करा. लवकर तोडता येते, साल रसात थोडाच वेळ राहते, त्यामुळे सालीतलं पोटॅशियम कमी उतरतं आणि पीएच हाताबाहेर जात नाही. लाल वाइन पुढच्या वर्षी, त्याच बागेचे आकडे हातात आल्यावर. शेतकरी ऑगस्टात पक्का झाला आणि त्याच्याकडे देठ परीक्षणाचा किंवा मातीचा अहवाल असला तर इथे टाका, छाटणीची तारीख आणि पोटॅश यावर मी नेमकं काही सांगू शकेन.